पैलवानाचं डोकं मातीत घडवताना
व्यक्तिशिल्प शिकायचं तर आमच्या कोल्हापुरात मॉडेल शोधत फिरावं लागत नाही. गंगावेश नाहीतर मोतीबाग तालमीत जा, वस्तादांची परवानगी घ्या, आणि मेहनत झाल्यावर गप्प बसू शकेल असा गडी गाठा. असा मिळणं अवघड, पण मिळतो.

जाड पाटावर लोखंडी नळी उभी करा. वर सळईचा सांगाडा करून त्यात तारेनं लाकडाच्या फुल्या लटकवा, नाहीतर ओली माती स्वतःच्या वजनानं खाली घसरते. माती बोटाला चिकटणार नाही इतपत घट्ट मळा.

आधी मान. पैलवानाची मान खांद्यातूनच सुरू होते; तिचा कल चुकला की पुढचं सगळं वाया. डोळ्यांची रेषा डोक्याच्या निम्म्यावर येते, नवशिके ती वर चढवतात. पाट फिरवत चारी बाजूंनी बाह्यरेषा बघा.

खरी गंमत कानांत. मार खाऊन, रक्त साकळून कानाचा वरचा भाग टणक झालेला, आतल्या घड्या बुजलेल्या. दोन्ही कान सारखे नसतातच, तेव्हा प्रत्येक कान वेगळा बघून करा. आणि कृपा करून ते देखणे करू नका! अख्खी कुस्ती तिथंच असते.

रात्री ओलं फडकं, वर प्लास्टिक.

साच्यासाठी प्लास्टर पाण्यात भुरभुरवा, उलटं नको. पहिल्या थरात चिमूटभर नीळ घाला. साच्यातली माती काढा, आतून साबणपाणी लावून प्लास्टरचं ओतकाम करा. मग छिन्नीनं साचा फोडताना निळा थर दिसला की शिल्प जवळ आलं, हात हलका करा.