गिलाव्याची जर्मन नावं इंग्रजीत नेताना

‘भिंती: आब्रीब १.५ मिमी, पांढरा रंग.’ स्वित्झर्लंडमधल्या एका नव्या इमारतीच्या माहितीपत्रकातली ही ओळ. फ्लॅट घेणारे इंग्रजी वाचणारे होते, म्हणून जर्मनमधून इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. आब्रीब म्हणजे झीज, टायरची किंवा बेअरिंगची होते ती. यंत्रांच्या माहितीपुस्तिका करून करून तो शब्द माझ्या हाताला बसला होता. मी ‘अ‍ॅब्रेजन’ लिहिलं आणि पुढे गेले. नव्याकोऱ्या घराच्या भिंती दीड मिलिमीटर झिजलेल्या आहेत, असं मी घर घेणाऱ्याला सांगत होते. तपासणाऱ्या बाईंनी मजकूर परत पाठवला, बाजूला दोनच शब्द: ‘स्विस. गिलावा.’

जर्मनीत ज्याला राइबेपुट्स म्हणतात, त्याला स्विस गवंडी आब्रीब म्हणतात. राइबेन म्हणजे घासणं, पुट्स म्हणजे गिलावा. शेवटचा पातळ थर चढवायचा आणि तो ओला असतानाच सपाट फळीने घासत राहायचं. आतला दाणा फळीखाली गडगडतो आणि मागे बारीक खळगे किंवा चरे सोडतो. १.५ मिमी हे त्या दाण्याचं माप. इंग्रजीत मी आता ‘फ्लोटेड टेक्श्चर्ड फिनिश, ग्रेन साइझ १.५ मिमी’ असं लिहिते.

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात मी जर्मन शिकले. व्याकरण चांगलं झालं, वाचन झालं, पण भिंत कुठल्याच धड्यात नव्हती. या कामात नव्याने येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. म्हणून पहिली गोष्ट सांगते: कागद स्विस आहे का, ते आधी बघा. जर्मनीतलं ‘ß’ हे अक्षर स्वित्झर्लंडमध्ये वापरत नाहीत, तिथे सरळ दोन एस लिहितात. बांधकामाच्या वर्णनाला जर्मनीत बाउबेश्रायबुंग म्हणतात, स्वित्झर्लंडमध्ये बाउबेश्रीब. गिलावा करणारा तिथे गिप्सर असतो. ही खूण दिसली की ओळखीच्या शब्दावरसुद्धा पटकन विश्वास ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट मला आमच्या गल्लीतल्या बांधकामावर कळली. मी तिथे चार-पाच सकाळी जाऊन उभी राहिले. गवंडी थापीने माल मारत होते, पट्टा ओढत होते, मग रंधा फिरवत होते. बाहेरून सँडफेस म्हणजे खरखरीत गिलावा, आतून नीरू म्हणजे चुन्याचा गुळगुळीत हात. एका मिस्त्रींना मी विचारलं की सँडफेस कधी करायचं हे कसं कळतं. त्यांनी बोट भिंतीला टेकवून दाखवलं: बोटाला माल लागला नाही पाहिजे, पण भिंत दबली पाहिजे. घरी येऊन मी शब्दसूची परत उघडली, तेव्हा जर्मन नावं वेगळीच दिसायला लागली. जर्मन नाव बहुतेक वेळा हाताने काय केलं ते सांगतं. क्रात्सपुट्स म्हणजे खरवडलेला, केलेनवुर्फ म्हणजे थापीने फेकलेला, वाशपुट्स म्हणजे धुतलेला, फिल्त्सपुट्स म्हणजे फेल्ट किंवा स्पंज लावलेल्या फळीने फिरवलेला. शब्दकोशात प्रतिशब्द शोधण्याआधी स्वतःला विचारा: हत्यार कोणतं, आणि माल तेव्हा ओला होता, आंबट ओला होता की वाळला होता?

क्रात्सपुट्सवर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त घात हाच शब्द करतो. क्रात्सेन म्हणजे खरवडणं, ओरखडणं. इंग्रजीत ‘स्क्रॅच कोट’ हा शब्द तयारच आहे, आणि तो डोळ्यांसमोर नाचतो. पण स्क्रॅच कोट हा पहिला थर. पुढच्या थराने धरावं म्हणून त्यावर रेघा ओढतात आणि नंतर तो कायमचा झाकला जातो. क्रात्सपुट्स हा शेवटचा, दिसणारा थर. तो जाडसर लावतात आणि घट्ट होऊ देतात. मग खिळे मारलेल्या फळीने वरची कातडी खरवडून काढतात. वेळ बरोबर साधली की दाणे टपटप उडून पडतात. माल खिळ्यांना चिकटत असेल तर अजून थांबायचं. वरच्या कातडीत चुना-सिमेंट जास्त साठलेलं असतं, ती निघाली की पृष्ठभागावरचा ताण कमी होतो आणि भेगा कमी पडतात. म्हणजे खरवडण्याचा हेतू नुसती शोभा नसतो. याला इंग्रजीत ‘स्क्रेप्ड रेंडर’ म्हणायचं. स्क्रॅच आणि स्क्रेप यांत फरक थोड्या अक्षरांचा, पण एकाची जागा आत आणि दुसऱ्याची बाहेर. कंत्राटदाराने चुकीचा शब्द वाचून माल मागवला तर अख्खी दर्शनी बाजू बिघडते.

हत्याराचीही तीच गत. त्या खिळ्यांच्या फळीला जर्मनमध्ये नागेलब्रेट म्हणतात. इंग्रजीत ‘डेव्हिल फ्लोट’ दिसायला तिची बहीणच. पण डेव्हिल फ्लोट वापरतात ती खालच्या थराला ओरखडे पाडायला. म्हणून तिथे मी काम सांगते: ‘नेल बोर्ड फॉर स्क्रेपिंग द फिनिश कोट’. लांब झालं तरी चालेल.

जुन्या पुस्तकांत क्रात्सपुट्स हा शब्द स्ग्राफितोसाठीही भेटतो. स्ग्राफितोत दोन रंगांचे थर एकावर एक देतात आणि वरचा थर ओला असताना कापून खालचा रंग उघडा करतात. स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिन खोऱ्यातल्या ग्वार्दा, आर्देझ या गावांतली घरं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. वास्तुरचनाकार गॉटफ्रिड झेम्परने १९व्या शतकात हे तंत्र झुरिकच्या मोठ्या इमारतींवर पुन्हा आणलं. इंग्रजीत हा शब्द इटालियनच राहतो.

आणि जर्मनीतल्या हेसेन राज्याचा क्रात्सपुट्स आणखी निराळा. तिथे लाकडी चौकटींच्या घरांत चौकटीमधल्या ओल्या गिलाव्यावर टोचून, रेखून, ठसे उमटवून फुलं, झाडं, नक्षी काढतात. २०१६ साली जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत या कलेचा समावेश झाला. ही नक्षी पाहिली तेव्हा मला आपल्याकडच्या मातीच्या भिंतींवरची बोटांनी ओढलेली चित्रं आठवली, आणि या शब्दाशी घाई करायची नाही असं मी ठरवलं. इथे स्क्रेप्ड रेंडर लिहिणं म्हणजे त्या कारागिराचं काम पुसून टाकणं. मी नाव जर्मनच ठेवते आणि पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात तंत्र सांगते.

शेवटचा सापळा बादलीवरचा. तयार सिलिकॉन किंवा अ‍ॅक्रिलिक मालावर ‘क्रात्सपुट्सश्ट्रुक्टुअर’ छापलेलं असतं. त्यात कोणी काहीच खरवडत नाही. दाण्याएवढा थर लावून तो गोल फिरवतात आणि खरवडल्यासारखा दिसतो, एवढंच. तिथे ‘स्टिपल्ड टेक्श्चर’ बरोबर. म्हणजे जर्मन शब्द एकच, पण इंग्रजी उत्तरं चार.

इंग्रजीकडची बाजूही सरळ नाही. पुट्स हा जर्मन शब्द आतबाहेर दोन्हीकडे चालतो. ब्रिटनमध्ये आत प्लास्टर, बाहेर रेंडर. अमेरिकेत बाहेरच्याला स्टको म्हणतात. आणि जर्मन श्टुक म्हणजे छताच्या वेलबुट्ट्या, कंगोरे, शोभेचं नक्षीकाम. म्हणून काम घेतानाच विचारा, वाचक कुठला? हा प्रश्न विचारायला कधीही लाजू नका. वीस पानं झाल्यावर रेंडरचं स्टको करत बसणं फार जिवावर येतं.

माणसाच्या धंद्याचं नावही असंच फसवतं. श्टुकाट्योर वाचून बव्हेरियातल्या वीसकिर्शे या चर्चच्या नक्षीदार छताखाली उभा कलावंत डोळ्यांसमोर येतो, आणि डोमिनिकुस त्सिमरमानसारखे वेसोब्रुन गावचे कारागीर खरोखर तसे होतेही. पण आज तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेला श्टुकाट्योर गिलावा करतो, जिप्समच्या भिंती उभारतो, इमारतीला उष्णतारोधक थर लावतो. त्याच्या बायोडेटात ‘प्लास्टरर’ लिहावं. नक्षीकाम केलं असेल तर ते अनुभवाच्या रकान्यात स्पष्ट येऊ द्यावं, त्याच्या हिताचं तेच आहे. शोधताना १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेआधीचं रूपही टाकून बघा: तेव्हा या शब्दात दोन ‘के’ होते, आणि राउपुट्समध्ये, म्हणजे खडबडीत गिलाव्याच्या नावात, एक जादा ‘एच’.

आधारासाठी माझा सगळ्यात विश्वासाचा कागद म्हणजे ईएन ९९८-१, गिलाव्याच्या मालाचं युरोपीय मानक. युरोपीय मानकं इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन अधिकृत भाषांत निघतात, त्यामुळे दोन प्रती शेजारी ठेवल्या की प्रतिशब्द आयते मिळतात. एडेल म्हणजे उमदा, म्हणून एडेलपुट्सचं ‘नोबल प्लास्टर’ केलेलं मी पाहिलं आहे. मानकात त्याला सीआर, म्हणजे ‘कलर्ड रेंडरिंग मॉर्टर’ म्हटलं आहे. झानीरपुट्स, म्हणजे जुन्या भिंतींच्या दुरुस्तीचा गिलावा, तिथे आर, ‘रेनोव्हेशन मॉर्टर’. पण मानक मालाबद्दल बोलतं, हाताबद्दल नाही. शोभेच्या तंत्रांची नावं तिथे शोधू नका.

संगमरवराचा भास देणारी दोन तंत्रं वेगळी ठेवा. श्टुकमार्मोर जिप्सम, सरस आणि रंग मळून करतात, मग अनेकदा घासून चकाकी आणतात. इंग्रजीत त्याला स्कॅग्लिओला म्हणतात. स्टुको लुस्ट्रो चुन्याचा असतो आणि गरम इस्त्रीने दाबून चमकवतात. हे नाव तसंच ठेवावं.

गावांची नावं असलेले शब्द राहिले. म्युन्शनर राउपुट्स म्हणजे मोठा गोल दाणा फळीखाली फिरवून चरे पाडलेला गिलावा. नुसतं ‘म्युनिक प्लास्टर’ लिहिलं तर लंडनच्या वाचकाला काहीच कळत नाही, म्हणून चऱ्यांचं वर्णन जोडावं लागतं. उलट इंग्रजीत ‘टिरोलियन’ म्हणून जो हँडल फिरवून यंत्राने उडवलेला गिलावा आहे, तो जर्मन कागदावर टिरोल या आल्प्समधल्या प्रदेशाच्या नावाने शोधाल तर हाती लागणार नाही. तिथे श्प्रित्सपुट्स लिहिलेलं असतं. त्यातही श्प्रित्सबेवुर्फ दिसला तर थांबा. तो शोभेचा नाही, पुढच्या थराला पकड यावी म्हणून मारलेला ‘स्पॅटरडॅश’ आहे.