14 फुटांत दोन गाड्या

सीबीडी बेलापूरच्या आमच्या रो-हाउसचं पार्किंग भिंतीपासून भिंतीपर्यंत जेमतेम 14 फूट. त्यात स्विफ्ट आणि वॅगनआर. दोघींची रुंदी मिळून साधारण 11 फूट, आरसे सोडून. म्हणजे उरले 3 फूट. दोन्ही गाड्या तोंड आत करून लावल्या की उजवीकडच्या गाडीतून उतरताना पोट आत घ्यावं लागायचं!

उपाय फुकटातला आहे. डावीकडची गाडी सरळ आत घाला, उजवीकडची रिव्हर्समध्ये. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे दोन्ही ड्रायव्हरचे दरवाजे मधल्या जागेत उघडतात. दोन्हीकडच्या भिंतीपासून अर्धा अर्धा फूट सोडलं तरी मध्ये 2 फूट मिळतात. बाकीच्यांना मात्र फाटकाबाहेरच उतरवा, आरसे मिटा. सासूबाई पावसात कुरकुरतात, पण छत्री देतो.

भिंतीला दरवाजाच्या उंचीवर जुन्या योगा मॅटची पट्टी चिकटवा. छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगा. काचेला टेकला की थांबायचं. रिव्हर्सवाल्या गाडीसाठी मागच्या चाकाला लाकडी ओंडका पुरतो. आधी टेपने मोजा, फाटकाची रुंदीसुद्धा. आम्ही ती विसरलो होतो, बंपरवर खूण आहे.