एन.डी.ए.ला जायचंय? मग नववीपासूनच बोलू

दहावीचा निकाल लागला की पालक मुलाला घेऊन येतात. "सर, याला एन.डी.ए.त पाठवायचं आहे, क्लास कोणता लावू?" एन.डी.ए. म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचा रस्ता. मी नागपुरात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो आणि एन.सी.सी.चा ए.एन.ओ. (कॉलेजच्या कॅडेट्सचा प्रभारी अधिकारी) आहे, माझं स्वतःचं ट्रेनिंग कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत झालं, म्हणून लोक येतात. क्लासचं नंतर पाहू. मी आधी पोट्ट्याला विचारतो, अकरावीला गणित घेतलंस ना?

कारण आपल्याकडे घरोघरी मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचं वारं आहे. बायो घेतलं, मॅथ्स सोडलं, आणि वर्षभराने पोराला युनिफॉर्मची हौस येते. नियमाप्रमाणे आर्मीसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. एअरफोर्स आणि नेव्हीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतंच. पण लेखी परीक्षेत ३०० मार्कांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो, आर्ट्सवाल्यालाही. तेव्हा आर्ट्स-कॉमर्सचा रस्ता बंद नसला तरी त्या रस्त्यावर गणित एकट्याने उरकावं लागतं.

परीक्षा यू.पी.एस.सी. घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. नागपुरात सेंटर आहे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि नेमकी जन्मतारखेची मर्यादा प्रत्येक जाहिरातीत छापलेली असते, ती वाचा. बारावीत असतानाच फॉर्म भरता येतो, अकरावीत नाही. मुलींना २०२१च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दार उघडलं. २०२२मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याला गेली आणि मे २०२५मध्ये त्यातल्या १७ जणी पास आऊट झाल्या. त्यामुळे "मुलींना असतं का हो सर" हा प्रश्न आता विचारू नका.

आता माझा प्रांत, गणित. १२० प्रश्न, अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. बरोबर उत्तराला अडीच मार्क, चुकलं तर ०.८३ कापतात. कॅल्क्युलेटर नाही. पोरांची अडचण अशी की बोर्डाने त्यांना पायऱ्या लिहायची सवय लावलेली असते. एक उदाहरण घ्या. शून्य ते पाय बाय टू, साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. बोर्डात तू 'आय' लिहिशील, प्रॉपर्टी वापरशील, दुसरं समीकरण मांडशील, बेरीज करशील, आणि पानभर लिहून पाय बाय फोर आणशील. तिथे त्या मार्कांसाठी ते बरोबरच आहे. इथे एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स टाकलं की साइनचा कॉस होतो, दोन्ही मिळून एक होतात, म्हणजे उत्तर अंतराच्या निम्मं. पेन टेकवायचं कारण नाही. असे प्रश्न ओळखायला जुने पेपर लागतात, आणि ते यू.पी.एस.सी.च्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रविवारी घड्याळ लावून एक पेपर सोडव आणि उरलेला रविवार चुका पाहण्यात घाल. या दुसऱ्या कामाला पोरं कंटाळतात.

दुसरा पेपर जनरल अॅबिलिटीचा, ६०० मार्कांचा. त्यात २०० इंग्रजीचे आणि ४०० सामान्य ज्ञानाचे. त्या ४००चा अंदाजे वाटा यू.पी.एस.सी.नेच सांगितलाय: फिजिक्स २५ टक्के, केमिस्ट्री १५, जनरल सायन्स १०, इतिहास २०, भूगोल २०, चालू घडामोडी १०. म्हणजे इतिहास-भूगोलच ४० टक्के, आणि सायन्सच्या पोरांनी तर दहावी झाल्या झाल्या ती पुस्तकं रद्दीवाल्याला दिलेली असतात! ठेवा हो जपून. नववी-दहावीची पुस्तकं नीट झाली की एन.सी.ई.आर.टी.ची जोडीला घ्या. आणि पेपर मराठीत नसतो, इंग्रजी आणि हिंदीत असतो. सेमी-इंग्लिशच्या पोरांना गणित-विज्ञान जड जात नाही, पण इतिहास-भूगोलाच्या संज्ञा त्यांनी मराठीत शिकलेल्या असतात. 'खचदरी'ला इंग्रजीत काय म्हणतात, हे वहीच्या समासात नववीपासूनच लिहीत जा.

क्लास लावायचा तर एवढ्यासाठी लावा. लेखीसाठी चांगला क्लास कामाचा आहे. पुढच्या गोष्टी क्लासमध्ये मिळत नाहीत.

शरीर, म्हणजे आधी मेडिकल. भावी पायलट सोळाव्या वर्षी पहिल्यांदा डोळे तपासायला गेला तर काय उपयोग? नववीतच एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, रंग ओळखण्याचीही तपासणी करून घ्या. चष्मा लागला म्हणून घाबरून लेझर करून घेऊ नका, एन.डी.ए.साठी ते ऑपरेशनच अपात्र ठरवतं. दात मोजून गुण देतात, किमान १४ लागतात, म्हणून किडलेली दाढ काढायच्या आधी ती भरता येते का ते विचारा. सरळ उभं राहिल्यावर गुडघे टेकतात आणि घोट्यांत फट राहते का, तळपाय सपाट आहे का, हे घरच्या घरी दिसतं. दिसलं तर हाडांच्या डॉक्टरला आत्ताच दाखवा. टॅटू काढू नका, ठरावीक जागी सोडून तो चालत नाही. आदिवासी समाजाच्या रूढीतल्या गोंदणाला वेगळा नियम आहे, तो जाहिरातीत वाचा.

धावण्याचं माप जाहिरातीतच दिलंय: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, पुशअप्स आणि सिटअप्स किमान वीस, चिनअप्स किमान आठ, आणि तीन-चार मीटर दोर चढणं. हे अवघड नाही, पण मे महिन्यात आपल्या गावात ते साडेआठला करायला जाशील तर चक्कर येऊन पडशील. पाचला बाहेर पड, सेमिनरी हिल्सचा चढ घे, उजाडून ऊन लागायच्या आत घरी ये. तर्री पोहे त्यानंतर. चिनअप्स मात्र सगळ्यांचेच अडतात, आठ काढायला महिने जातात, म्हणून बार आजच शोध.

आणि मग एस.एस.बी., म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. लेखी ९०० मार्कांची तशी हीसुद्धा ९०० मार्कांची, पाच दिवसांची. आपली बरीच पोरं भोपाळला जातात, इटारसीमार्गे रेल्वेने. एका प्रकारच्या भरतीसाठी पहिल्यांदाच जात असाल तर प्रवासभाडं मिळतं, तिकीट जपून ठेवा. पहिल्याच दिवशी चाळणी असते. एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ती गटात एका मिनिटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे बरेच जण परततात. हुशार असतात, पण "काहून बे" करत गप्पा मारणारा पोट्टा दहा-पंधरा अनोळखी मुलांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की गप्प होतो, नाहीतर ओरडतो. दोन्ही वाईट.

याला उपाय एकच, रोज बोलणं. शनिवारी संध्याकाळच्या सीताबर्डी मेन रोडचं वर्णन एक मिनिट इंग्रजीत कर, मोबाईलवर रेकॉर्ड कर, ऐक. पाच मित्र जमव आणि एका चित्रावर गोष्ट ठरवा. चुका झाल्या तर झाल्या. शब्दांच्या चाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकाला १५ सेकंद. 'फेल्युअर' आला की वर्गातली निम्मी मुलं "अपयश ही यशाची पायरी" असं लिहितात, इंग्रजीत. सायकॉलॉजिस्टने ते हजारदा वाचलंय. तू आठवड्यापूर्वी खरंच कशात पडलास आणि नंतर काय केलंस, ते लिही. लिहायला काही असावं म्हणून तर सांगतो, शाळेत काहीतरी चालव: कबड्डीची टीम, गणेशोत्सवाचा हिशोब, एन.सी.सी.चा कॅम्प. एन.सी.सी.मुळे एन.डी.ए.त वेगळा कोटा मिळत नाही, हे मी ए.एन.ओ. असूनही सांगतो. मिळतो तो अनोळखी पोरांबरोबर तंबूत राहायचा सराव.

मुलाखतीत स्वतःच्या शहराबद्दल विचारतात आणि नागपूरच्या पोराला उत्तर येत नाही, याचा मला राग येतो. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याकडे आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ची, आणि तो किल्ला आज सैन्याच्या ताब्यात आहे. रोज त्याच्या पायथ्यावरून बस जाते रे तुझी!

दहावीत असाल तर एक सोय विसरू नका: छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, राज्य सरकारची, १९७७पासून. दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, मग अकरावी-बारावी तिथेच. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. आठवीपर्यंतच्यांसाठी चंद्रपूरची आणि साताऱ्याची सैनिक शाळा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिले असतं, आधारवर भलत्याच क्रमाने, कधी स्पेलिंगही वेगळं. फॉर्मवर दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच नाव टाक आणि आधार आत्ताच दुरुस्त करून घे, आई-बाबांच्या नावांसकट. सेवांचा पसंतीक्रम फॉर्ममध्येच मागतात, तो रात्री अकराला मित्राला विचारून भरायचा नाही.

आणि जेईई मेनही द्या. सैन्याची टेन प्लस टू टेक्निकल एन्ट्री आणि नेव्हीची बी.टेक. एन्ट्री जेईईवरून होते, त्यांना यू.पी.एस.सी.चा लेखी पेपर नसतो, सरळ एस.एस.बी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये टक्के मात्र चांगले हवेत, टेक्निकल एन्ट्रीला किमान ६०.