‘कर्ज फेडा’चं ‘कज फडा’ झालं तेव्हा

नोकरीच्या पहिल्या वर्षी कर्जाच्या हप्त्यांचं एक अ‍ॅप मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. मूळ डिझाइन युरोपातल्या टीमचं. आम्ही पुण्यात बसून त्यात मराठी भरायचो. चाचणीसाठी फलटणजवळच्या एका गावात किराणा दुकान चालवणाऱ्या ताईंच्या हातात फोन दिला. त्या बटणाकडे बघत राहिल्या. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मॅडम, हे काय लिवलंय?"

बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने कायमची ठरवलेली होती. त्यामुळे शिरोरेषेवरचा रफार आणि मात्रा छाटल्या गेल्या होत्या. ताईंनी बटण दाबलं नाही. पैशाचा मामला, त्यांनी बरोबरच केलं.

परत येऊन मी मागणी केली, मराठीपुरतं बटण उंच करा. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "थाई बघितलीस?" थाईत स्वरचिन्हाच्या डोक्यावर आणखी सुराची खूण चढते, व्हिएतनामीतही एकाच अक्षरावर दोन खुणा येतात. उघडून बघितलं तर तिथेही तीच छाटाछाट. मग मजकुराप्रमाणे बटण वाढेल असा बदल सगळ्याच भाषांसाठी केला. तेव्हापासून कुठल्याही देशातून तक्रार आली की मी आधी शोधते, मूळ डिझाइनने काय गृहीत धरलंय. एकेका देशापुरतं ठिगळ लावत गेलं की ती ठिगळं सांभाळण्यातच टीमचा वेळ जातो.

नावाचे रकाने हे अशा गृहीत धरण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. तमिळनाडूत कित्येकांना आडनावच नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. जपानमध्ये घराण्याचं नाव आधी, शिवाय उच्चारासाठी काना लिपीत वेगळा रकाना. कायद्याने तुकडे मागितले नसतील तर ‘पूर्ण नाव’ हा एकच रकाना ठेवा.

काही गोष्टी मात्र खरोखरच वेगळ्या ठेवाव्या लागतात. आपण 12,50,000 लिहितो, अमेरिकेत 1,250,000 आणि जर्मनीत 1.250.000. आपल्याला ‘1 पावती, 5 पावत्या’ एवढी दोन रूपं पुरतात, अरबीत संख्येनुसार सहा प्रकार सांभाळावे लागतात. हे नियम स्वतः लिहीत बसू नका; युनिकोड या संस्थेच्या सीएलडीआर नावाच्या भाषावार नियमांच्या संग्रहात ते तयार मिळतात. आणि मजकुराला ‘मराठी’ अशी भाषेची खूण लावायला विसरू नका, नाहीतर बऱ्याच फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. मला ते फार खुपतं.

पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांत, काय टाकू, असं या कामात येऊ पाहणारी नवीन मुलं विचारतात. रोज वापरता ते एखादं अ‍ॅप घ्या, फोनची भाषा मराठी करा, अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा ठेवा आणि प्रत्येक स्क्रीनवर काय कापलं जातंय ते टिपा. मग तेच अ‍ॅप अरबीत उघडा.