मध्यम बजेटमध्ये अचूक ऑटोमॅटिक डायव्हिंग घड्याळ घेताय? या चुका टाळा

वीस ते साठ हजारांत ऑटोमॅटिक डायव्हिंग घड्याळ घेणारे बहुतेक जण डायलचा रंग बघतात, 'किती मीटर?' एवढंच विचारतात आणि पैसे मोजतात. आठवडाभरात तक्रार येते की घड्याळ रोज अर्धा मिनिट पुढे पळतंय. महिनाभरात ते कोणीतरी उघडलेलं असतं. पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ दिसायला लागते. यातल्या बहुतेक घड्याळांत मुळात काहीच खराबी नसते.

आत मशीन कोणतं आहे हे न विचारणं

अचूकता डायलवर लिहिलेली नसते, ती मशीनवर ठरते. सेको कंपनीचं एनएच३५ हे मशीन कितीतरी छोट्या ब्रँडच्या घड्याळांत असतं. त्याची कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला −२० ते +४० सेकंद आहे. सेकोच्या स्वतःच्या घड्याळांतल्या ४आर३६ ची −३५ ते +४५, तर ६आर३५ ची −१५ ते +२५. मियोटा ९०१५ ची −१० ते +३०. सेलिटा एसडब्ल्यू२०० साध्या ग्रेडमध्ये सरासरी ±१२ च्या आसपास लावून येतं. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र, म्हणजे सीओएससी, −४ ते +६ मागतं आणि या बजेटमध्ये ते सहसा मिळत नाही.

दिवसाचे सेकंद ८६,४००. रोज २० सेकंद पुढे जाणारं घड्याळ ९९.९७ टक्क्यांहून जास्त बरोबर असतं. म्हणून एनएच३५ घेऊन +२५ आलं की 'डिफेक्टिव्ह' म्हणणं चूक. महिन्याला १५ सेकंदांच्या आतच घड्याळ हवं असेल तर क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

सेकोचे हे आकडे ५ ते ३५ अंश तापमानात मनगटावर वापरलेल्या घड्याळाचे आहेत. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत घड्याळ दोन-चार सेकंदांनी चाल बदललं तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

अचूकता हीच पहिली अट असेल आणि बजेट चाळीसच्या वर जात असेल, तर ९०१५ किंवा सेलिटा असलेलं घड्याळ शोधा. तासाला २८,८०० ठोके देणारी ही मशीनं हाताच्या धक्क्यांनी कमी विचलित होतात. बजेट तीसच्या खाली असेल तर एनएच३५ बिनधास्त घ्या, फक्त मशीनचं नाव विचारून घ्या. 'जपानी मशीन आहे' एवढंच उत्तर मिळालं तर ते दुकान सोडा.

एका दिवसाचा आकडा बघून निकाल लावणं

रोज नेमाने +१२ जाणारं घड्याळ हे एक दिवस +२, दुसऱ्या दिवशी −९, तिसऱ्या दिवशी +१४ जाणाऱ्या घड्याळापेक्षा कितीतरी चांगलं. पहिल्याला रेग्युलेटर, म्हणजे चाल कमी-जास्त करायची आतली छोटी पट्टी, किंचित सरकवला की काम झालं. दुसऱ्यात बॅलन्सचं (मागेपुढे डोलणाऱ्या चाकाचं) संतुलन, तेल किंवा पिव्हटचा (चाकाच्या आसाच्या टोकाचा) दोष असू शकतो. तो रेग्युलेटरने जात नाही.

मोजायचं कसं? चावी, म्हणजे घड्याळाच्या कडेची फिरवायची गुंडी, स्क्रूसारखी आवळायची असेल तर ती मोकळी करून आधी पूर्ण चावी द्या. एनएच३५ ला किमान ५५ फेरे लागतात. दहा-पंधरा फेऱ्यांवर थांबणारे लोकच 'रिझर्व्ह (चावी दिल्यावर चालण्याचा काळ) कमी आहे' म्हणतात. चावी पूर्ण ओढून सेकंदकाटा १२ वर थांबवा, मिनिटकाटा नेमक्या रेघेवर ठेवा आणि मोबाईलच्या वेळेला सोडा. मग १० दिवस रोज एकाच वेळी फरक वहीत लिहा. मध्ये वेळ लावू नका.

पाच दिवस झाले की रात्रीची ठेवण बदलून बघा. एक रात्र डायल वर, एक रात्र चावी वर, एक रात्र चावी खाली. कोणत्या ठेवणीत घड्याळ मागे पडतं ते सापडलं की दिवसभरात पुढे गेलेले सेकंद रात्री परत घेता येतात. झाकण न उघडता, फुकटात. नवीन घड्याळाला पहिला महिना तरी स्क्रूड्रायव्हर लावू नये हे आमचं ठाम मत आहे. घाईने उघडलेल्या घड्याळांतली निम्मी तरी उघडायची गरजच नसते.

टाइमग्राफर म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र; मोबाईलच्या ॲपवरचा नुसता अंदाज देतो. खऱ्या टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनचा ठरलेला कोन, आधी लावा: एनएच३५ ला ५३ अंश, सेलिटा एसडब्ल्यू२०० ला ५०. तो चुकला तर ॲम्प्लिट्यूडचा (बॅलन्स किती अंश डोलतो त्याचा) आकडा खोटा येतो आणि धडधाकट मशीन आजारी दिसतं.

चुंबकत्व आलंय हे न ओळखता रेग्युलेटर ओढणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे आणि खानदेशात ती वारंवार दिसते.

चाळीसगावकडच्या एका डीजेवाल्या पोराचं उदाहरण घ्या. ४आर३६ मशीनचं चांगलं घड्याळ, सुरुवातीला रोज +१० च्या आत. केबल ओढताना मनगटावर अडकतं म्हणून लग्नाच्या सिझनमध्ये तो ते काढून बेस स्पीकरच्या पेटीवर ठेवायचा. महिन्याभरात घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे पळायला लागलं. जवळच्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून रेग्युलेटर 'मायनस'कडे सरकवला. दोन दिवस बरं चाललं. पुढचं लग्न, पुन्हा स्पीकर, पुन्हा पुढे. दुसऱ्या दुरुस्तीवाल्याने आणखी सरकवला. तिसऱ्या वेळी रेग्युलेटर टोकाला जाऊन भिडला होता.

मग कोणीतरी त्याचं चुंबकत्व उतरवलं, आणि घड्याळ दिवसाला पाच मिनिटं मागे पडायला लागलं. यात नवल काही नव्हतं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स भराभर फिरतो. त्या खोट्या वेगावर मशीन लावलं की खरा वेग परत आल्यावर सगळं उलटं होणारच. तेवढ्यात झाकण तीनदा उघडलं गेलं होतं आणि तीनही वेळा तीच जुनी रबर रिंग परत बसवली होती. शेवटच्या वेळी ती एका जागी चिमटली. पोरगं गिरणेच्या कालव्यात पोहायला उतरलं, आणि तारखेच्या चक्रावर गंजाचे ठिपके आले. दोन मिनिटांच्या कामासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च झाला.

नियम सोपा ठेवा. काल बरोबर चालणारं घड्याळ आज एकदम मिनिटांनी पुढे गेलं, तर आधी चुंबकत्वाचाच संशय घ्या. शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणारं छोटं होकायंत्र सपाट लाकडी टेबलावर ठेवा आणि घड्याळ हळूहळू त्याच्या कडेने फिरवा. सुई हलली, थरथरली तर उतरवणं गरजेचं. निळ्या डब्यातलं डीमॅग्नेटायझर काही शे रुपयांत येतं. बटण दाबून धरा, घड्याळ वरून न्या, आणि बटण दाबलेलं असतानाच सावकाश हातभर लांब घेऊन जा. मगच बटण सोडा. जवळ असतानाच बटण सोडलं तर उलट चुंबकत्व आणखी भरतं. काही सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, आतली कॉइल तापते.

स्पीकर, टॅबलेटचं मॅग्नेटवालं कव्हर, मोबाईलचं फ्लिप कव्हर, इंडक्शन शेगडी, पर्सचं चुंबकाचं बटण, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर: रात्री घड्याळ यांच्याजवळ ठेवू नका. आयएसओ ६४२५ या डायव्हिंग घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या घड्याळाला ४,८०० अँपिअर प्रति मीटरपर्यंतचं क्षेत्र सोसावं लागतं. पण स्पीकरच्या चुंबकाला चिकटून ठेवलेल्या घड्याळाला त्याहून कितीतरी जास्त क्षेत्र झेलावं लागतं.

'२०० मीटर' म्हणजे सगळं चालतं असं समजणं

डायलवर 'डायव्हर्स २०० मीटर' आणि नुसतं 'वॉटर रेझिस्टंट २०० मीटर' यांत फरक आहे. पहिलं लिहायचं तर आयएसओ ६४२५ पाळावं लागतं: लिहिलेल्या दाबाच्या १२५ टक्के दाबावर चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसणं, चुकून फिरणार नाही असं बेझल, म्हणजे डायलभोवतीचं फिरतं कडं. सिटिझन प्रोमास्टर एनवाय००४० वर 'डायव्हर्स' आहे. ओरिएंट कमासू २०० मीटरचंच, पण 'डायव्हर्स' नाही. पोहायला ते उत्तम, तारकर्लीला खरोखर स्कूबा करणार असाल तर पहिलं घ्या. सेको ५ स्पोर्ट्सची एसआरपीडी मालिका जुन्या एसकेएक्स००७ या डायव्हिंग घड्याळासारखीच दिसते, पण ती १०० मीटरची आहे आणि तिची चावी स्क्रूची नाही. दिसण्यावर फसणारे इथेच फसतात.

चाचणी कारखान्यातून निघतानाची असते. नंतर पाणी अडवते ती रबराची रिंग. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर पडलेल्या घड्याळाची रिंग कडक होत जाते. त्याच तापलेल्या घड्याळासह हतनूरच्या पाण्यात किंवा विहिरीत उडी मारली की आतल्या हवेतली वाफ थंड काचेवर जमते. मिनिटभरात गेली तर घाबरू नका. रेंगाळली तर आत ओल आहे.

घरच्या घरी तपासता येतं. भांड्यात कोमट पाणी घ्या, वर स्टीलचं झाकण ठेवा आणि त्यावर घड्याळ १५-२० मिनिटं ठेवा. हाताला सुखद गरम लागेल इतपतच, साधारण ४० ते ४५ अंश. मग काचेवर माठातल्या नव्हे, साध्या पाण्याचा एक थेंब सोडा. एक मिनिटाने पुसून बघा. आतून धुकं दिसलं तर पाण्यात नेऊ नका. आयएसओमधली चाचणीही याच तत्त्वावर आहे. वाफेवर मात्र घड्याळ कधीच धरू नका, आणि उनपदेवच्या गरम कुंडात ते घालून उतरू नका.

झाकण उघडलं की रिंग नवी, तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, आणि दाब तपासणी. यातलं एकही टाळू नका. 'भो, दोनशे मीटर लिहेल आहे ना!' हे दुरुस्तीवाल्याचं उत्तर ऐकून गप्प बसू नका. दाब तपासायचं मशीन आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे, फोन करून आधी विचारा आणि आधी कोरडी, म्हणजे हवेच्या दाबाची तपासणी मागा. ओल असलेल्या घड्याळाला तांदळात पुरण्यात वेळ घालवू नका. खारं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी उघडून घ्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या

रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात तारीख बदलू नका, दात तुटतात.

स्क्रूची चावी बसवताना आधी उलटी फिरवा, आटा बसल्याचा हलका धक्का लागला की मगच सुलटी. जोर लावून आवळू नका.

हेलियम व्हॉल्व्हसाठी (आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेसाठी) जास्त पैसे देऊ नका. तो दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत राहणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांसाठी असतो.

केळीचा चीक आणि शेतातली धूळ बेझलखाली जमली की ते अडकतं. चावी आवळून घ्या, कोमट साबणाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा आणि मऊ दातब्रशने घासा. रॉकेल, पेट्रोल वापरू नका, रिंगा फुगतात.

'फर्स्ट कॉपी'वरचे २०० मीटर नुसते छापलेले असतात. हात धुतानाही काढून ठेवा.

घेताना दुकानात

घड्याळ पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर तीन ठेवणींत लावायला सांगा: डायल वर, चावी खाली, चावी वर. प्रत्येक ठेवणीत किमान अर्धा मिनिट थांबा. या बजेटमध्ये तिन्हींतला फरक १५ सेकंदांच्या आत असेल, डायल वर असताना ॲम्प्लिट्यूड २५० च्या वर असेल आणि बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक) ०.८ मिलिसेकंदांच्या खाली असेल तर घ्या. सरासरी +२० असली तरी चालेल. बेझल फिरवून त्याचा त्रिकोण १२ वर नेमका बसतो का बघा, आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अजिबात फिरायला नको. टाइमग्राफर नसेल तर १० दिवसांत बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या. बिलावर मॉडेल आणि झाकणावरचा सिरीयल नंबर दोन्ही असू द्या, नाहीतर वॉरंटीत कंपनीचं सेंटर घड्याळ हातात घेत नाही.