विषय बदलण्यासाठी विद्यापीठ बदलावे का? बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी

पदवीचे पहिले सत्र संपता संपता ‘हा विषय माझा नव्हे’ असे वाटू लागलेले विद्यार्थी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दरवर्षी भेटतात आणि त्यांतले बरेचजण थेट ‘कोल्हापूरला जाऊ का?’ असे विचारतात. आधी हे तपासावे की कंटाळा नेमका कशाचा आला आहे. मराठी माध्यमातून दहावी करून बीएस्सीला बसलेल्या मुलाला रसायनशास्त्र झेपत नाही, तेव्हा पुष्कळदा अडचण रसायनाची नसून इंग्रजी पुस्तकाची असते, आणि ते पुस्तक कोल्हापुरातही इंग्रजीच असते.

ज्या विषयाकडे जायचे, त्याच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक पाहू नये. ते सगळ्यांनाच आवडते. दुसऱ्या वर्षाचे पाहावे. मानसशास्त्र घ्यायचेच, असे म्हणणाऱ्या खानापूरच्या एका मुलीला मी त्यातले संख्याशास्त्राचे प्रकरण वाचायला दिले होते. आठवड्याने तिने वही आणली, तेव्हा प्रमाण विचलनाची सगळी गणिते सोडवलेली होती आणि समासात पेन्सिलीने तीन शंका लिहिल्या होत्या. तिला पुढे काही विचारण्याची मला गरज वाटली नाही.

विषयाची खात्री पटल्यावर तो इथेच मिळतो का, हे पाहावे. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्याच दुसऱ्या महाविद्यालयात तो विषय असेल, तर निम्मी कटकट वाचते. अभियांत्रिकीत तर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर शाखा बदलण्याची वाट असते. तिची मुदत थोडी असल्याने प्राचार्यांच्या कार्यालयात निकालाआधीच विचारून ठेवावे. बेळगाव-खानापूरकडून धारवाडचे कर्नाटक विद्यापीठही कोल्हापूरपेक्षा जवळ आहे, हे आपल्याकडे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

सीमा ओलांडायचीच असेल, तर खरा हिशेब श्रेयांकांचा, म्हणजे पेपरांच्या क्रेडिट्सचा आहे. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली, तर महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू आहे. त्यामुळे दोन्हीकडचे पेपर नावाने सारखे दिसले, तरी श्रेयांकांनी जुळतीलच असे नाही. दोन्ही अभ्यासक्रम समोर ठेवून कागदावर उभी रेघ मारावी, डावीकडे आपण उत्तीर्ण झालेले पेपर आणि उजवीकडे तिथे मागितलेले पेपर लिहावेत. निम्मेही जुळत नसतील, तर आपण पहिल्या वर्षालाच बसणार आहोत, असे धरून घरच्यांशी बोलावे. माझ्या मते पहिल्या वर्षानंतर एक वर्ष गमावणे परवडते, पण चार सत्रे झाल्यावर आहे ती पदवी पूर्ण करून पुढे वळणे शहाणपणाचे आहे, कारण तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण किंवा व्यवस्थापनातील पदव्युत्तर अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला असतो.

महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांत आपले गाव आहे का, हे पाहून रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन्ही दाखले आधीच काढावेत. मात्र आपल्याकडचा, म्हणजे कर्नाटकाचा, ‘थ्री बी’ हा मागासवर्गीय आरक्षणाचा प्रवर्ग महाराष्ट्राच्या यादीत नाही, म्हणून इथल्या आरक्षणाच्या भरवशावर तिथल्या फीचे गणित मांडू नये. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर असल्याने तिथून रोज ये-जा जमणार नाही. खोलीभाडे आणि मेस यांचाही खर्च त्याच हिशेबात धरावा.

कागदपत्रांचा क्रम चुकला, तर मूल दोन्हीकडून लटकते. प्रत्येक सत्राची मार्क्स कार्डे आणि उत्तीर्ण पेपरांचा छापील अभ्यासक्रम घेऊन आधी नव्या विद्यापीठाकडे पात्रतेचा अर्ज करावा, कोणते पेपर मान्य झाले हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे आणि बॅकलॉग, म्हणजे राहिलेले पेपर, चालतो का, हेही त्याच पत्रात विचारावे. त्यानंतर आपल्या विद्यापीठाकडे मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचे, प्रमाणपत्र मागावे. टीसीचा, म्हणजे महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याचा, अर्ज सर्वांत शेवटी करावा, कारण मूळ टीसी हातात पडली की इथली जागा गेली, आणि मग पुन्हा त्याच बाकावर बसायचे म्हटले तरी प्राचार्य काही करू शकत नाहीत.