डोंगरी ओढ्याची तब्येत दगडाखालच्या जीवांवरून कशी ओळखावी

ओढ्याचं पाणी नितळ आहे म्हणून ओढा धडधाकट आहे, असं समजू नका. आम्लपावसाने पार उजाड केलेले ओढेही काचेसारखे स्वच्छ दिसतात. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवलं, तर अहवालात त्या क्षणाचं पाणी कळतं. रात्री कुणी वरच्या अंगाला घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तर बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही. दगडाखालच्या किड्यांना मात्र लागतो. त्यांना पळून जायला फारशी जागा नसते. स्टोनफ्लाय हा पाण्यात वाढून पुढे पंख फुटणारा कीटक; त्याच्या काही जातींची पिल्लं तर दोन-तीन वर्षं त्याच पाण्यात काढतात. त्या काळात पाण्याला जे जे झालं, ते सोसूनच ती जिवंत राहिलेली असतात, किंवा नसतात.

जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी 1902 च्या सुमारास जीवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत मांडली, तेव्हापासून हे शास्त्र वाढत आलं आहे. तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जातीपर्यंत पोहोचतात. आपल्याला तेवढं खोल जायचं नाही. गटांची आणि मोजक्या कुळांची ओळख झाली, तरी कामापुरतं बरंच कळतं.

सोबत काय घ्यावं

मुख्य वस्तू म्हणजे दांड्याची जाळी. तिचा खालचा काठ सपाट असावा, म्हणजे ती ओढ्याच्या तळाला नीट टेकते. भोकं अर्धा मिलिमीटरच्या आसपास असावीत. त्याहून मोठी असली तर लहान पिल्लं निसटतात, फार बारीक असली तर जाळी गाळाने तुंबते आणि पाणी बाजूने वळून जातं. याशिवाय पांढरा उथळ ट्रे, बादली, मऊ चिमटी, रंगाचा बारीक ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, बर्फाचा कप्प्यांचा ट्रे, थर्मामीटर, पेन्सिल आणि वही. शाईचं पेन नको, ओल्या कागदावर अक्षरं फुटतात.

जागा आणि वेळ

पाणी उथळ, वेगवान आणि दगडगोट्यांवरून खळखळत जातं, अशी जागा निवडा. तिथे ऑक्सिजन भरपूर मिसळतो आणि दगडांमधल्या फटींत सर्वाधिक प्रकारचे जीव राहतात. डोहाच्या तळाशी वेगळीच मंडळी असते, त्यामुळे एका ठिकाणचा डोह आणि दुसऱ्या ठिकाणचा खळाळ यांची तुलना करू नका.

एकाच जागेचा नमुना घेऊन निकाल देण्यापेक्षा दोन जागा घ्या: शंका असलेल्या ठिकाणाच्या वर एक आणि खाली एक. वस्ती, खाण, शेत, रस्ता, काहीही असो. दोन्हीकडे उतार, दगडांचा आकार, सावली आणि पाण्याचा वेग शक्य तितका सारखा हवा. माझ्या मते या सगळ्या कामात जागेची निवड हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. पुढे ओळखीत थोडं चुकलं तरी तुलना तग धरते, पण जागाच विजोड असतील तर अचूक ओळखही वाया जाते.

मोठा पूर येऊन गेल्यावर लगेच जाऊ नका. पुराने तळ खरवडून निघतो आणि जीव पुन्हा वस्तीला यायला काही आठवडे लागतात. कीटकांना पंख फुटून ते उडून गेले की काही काळ पाण्यात फक्त अंडी आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्लं उरतात, तेव्हाही ओढा रिकामा भासतो. म्हणून वर्षावर्षांची तुलना एकाच ऋतूत करावी.

एकट्याने उतरू नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल, एकाएकी गढूळ होऊ लागलं असेल किंवा वरच्या डोंगरावर ढग दाटले असतील, तर त्या दिवशी बाहेरच थांबा. संरक्षित क्षेत्र असेल तर परवानगी आधीच घ्यावी लागते.

नमुना घेणं

आधी खालची जागा, मग वरची. उलट केलंत तर तुम्ही ढवळलेला गाळ आणि निसटलेले जीव दुसऱ्या नमुन्यात येऊन पडतील. त्याच कारणाने प्रत्येक जागेतही प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत जायचं.

जाळी तळाला टेकवून तिचं तोंड प्रवाहाकडे धरा. जाळीच्या समोर, वरच्या अंगाला उभं राहून पायाने दगडगोटे उकरा, घुसळा. सुटलेले जीव प्रवाहाबरोबर जाळीत येतात. ब्रिटनमध्ये रुळलेल्या पद्धतीत अशी तीन मिनिटं घुसळण आणि वर एक मिनिट हाताने शोध असतो. तीन मिनिटं एकाच खड्ड्यात घालवू नका. वेगवान पाणी, काठाजवळचं संथ पाणी, अडकलेल्या पानांचे ढीग, मुळं, अशी वाटून घ्या. दोन्ही जागांवर वेळ मात्र घड्याळ लावून सारखीच द्या.

हाताने शोधताना मोठे दगड जाळीसमोर उचलून त्यांचा खालचा भाग ब्रशने झाडा. घट्ट चिकटून बसणारे जीव पायाच्या घुसळणीने सुटत नाहीत. पाहून झालेला दगड होता तसाच, त्याच बाजूवर ठेवा.

ट्रेमध्ये कोण कोण आहे

जाळीतला ऐवज दोन बोटं पाणी असलेल्या ट्रेमध्ये उलटा करा आणि काही मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला नुसता काडीकचरा दिसतो. मग एखादी काडी चालायला लागते. डोळा आपोआप मोठ्या आणि पळणाऱ्या जिवांकडे जातो, हीच इथली फसगत. त्यामुळे ट्रेचा एकेक कोपरा घेऊन त्यातलं सगळं वेचा आणि कप्प्यांच्या ट्रेमध्ये सारख्यांसोबत सारखे ठेवत जा. शंभर-दोनशे जीव वेचले की चित्र बऱ्यापैकी स्थिर होतं. टाकलेल्या काती आणि रिकामी नळकांडी मोजायची नाहीत.

स्टोनफ्लाय, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या तीन गटांवर सगळ्यांत जास्त लक्ष द्या.

स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन शेपट्या असतात, प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतात आणि पोटाच्या कडेला कल्ल्यांची रांग नसते. ती चालतात, पोहण्यात फारशी तरबेज नसतात. त्यांना थंड आणि ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. ट्रेमधलं पाणी तापून ऑक्सिजन कमी झाला की मोठी स्टोनफ्लाय चक्क जोर-बैठकांतल्या जोरासारखं अंग वरखाली करते. कल्ल्यांवरून पाणी हलतं ठेवण्याची ती धडपड असते. तसं दिसलं की ट्रे सावलीत न्या आणि पाणी बदला.

मेफ्लायला बहुधा तीन शेपट्या असतात, काहींना दोनच. म्हणून शेपट्या मोजून थांबू नका. पोटाच्या दोन्ही कडांना पानासारखे किंवा पिसासारखे कल्ले आणि पायाला एकच नखी, ही खात्रीची खूण. यातलं हेप्टाजेनिडी कुळ चपट्या अंगाचं, दगडाला लगटून सरपटणारं आणि बरंच नाजूक, म्हणजे पाणी बिघडलं की लवकर नाहीसं होणारं. बेटिडी कुळ सडपातळ, माशासारखं सुळकन पोहणारं आणि बऱ्यापैकी सोशीक.

कॅडिसफ्लायची अळी सुरवंटासारखी, पण मागच्या टोकाला हुकासारख्या आकड्यांची जोडी असते. कित्येक जाती रेशमाच्या धाग्याने वाळूचे कण, काड्या किंवा पानांचे तुकडे जोडून नळकांडं बांधतात आणि त्यात राहतात. हायड्रोसायकिडी कुळातल्या अळ्या मात्र दगडांमध्ये जाळी विणून वाहत्या पाण्यातले अन्नकण धरतात. त्या फारच जास्त दिसल्या तर पाण्यात सेंद्रिय कण वाढल्याची शंका घ्या.

बाकीच्यांत दगडाला चिकटलेली, वरून गोल नाणं वाटणारी भुंग्याची अळी दिसली तर आनंदाची गोष्ट. चतुर आणि त्याचा सडपातळ भाऊबंद टाचणी यांची पिल्लं, खेकडे हे मधल्या फळीतले. बुडाने चिकटून डोलणाऱ्या काळ्या माशीच्या अळ्या वेगवान पाण्यात असायच्याच. कायरोनोमिडी कुळातल्या चिलटांच्या बारीक अळ्या जवळपास सगळीकडे सापडतात. त्यांतल्या लालभडक अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन घटला तरी त्या तगतात. गांडुळांचे पाणवठ्यातले भाऊबंद आणि जळवा हेही सोशीकच. गोगलगाय असेल तर शंखाचं टोक वर आणि तोंड तुमच्याकडे धरून पाहा. तोंड डावीकडे उघडत असेल तर ती बहुधा हवेत श्वास घेणारी फायसिडी कुळातली, तिला पाण्यातल्या ऑक्सिजनची तितकीशी पर्वा नसते.

गुण देणं

ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूपी (बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) नावाची गुणपद्धत तयार झाली. प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण. नाजूक कुळाला जास्त, सोशीकाला कमी. किती जीव सापडले याने फरक पडत नाही, कूळ हजर असलं की झालं. पुढे बऱ्याच देशांनी ती आपापल्या जीवांनुसार बदलून घेतली. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही घेतली. तुमच्या प्रदेशाची यादी असेल तर तीच वापरा.

मूळ यादीनुसार एक उदाहरण. वरच्या जागी स्टोनफ्लायचं पर्लिडी कूळ (10), हेप्टाजेनिडी (10), हायड्रोसायकिडी (5), काळी माशी (5), बेटिडी (4) आणि कायरोनोमिडी (2) मिळाले. बेरीज 36, कुळं सहा, सरासरी 6. खालच्या जागी हायड्रोसायकिडी (5), बेटिडी (4), एर्पोब्डेलिडी कुळातली जळू (3), कायरोनोमिडी (2) आणि गांडूळवर्गीय (1). बेरीज 15, कुळं पाच, सरासरी 3. बेरजेपेक्षा सरासरीवर जास्त भरवसा ठेवा. जास्त वेळ शोधलं की बेरीज वाढते, सरासरी फारशी हलत नाही. जोडीला स्टोनफ्लाय, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय मिळून एकूण किती वेगवेगळे प्रकार मिळाले, तेही लिहा.

गुण कुठे फसवतात

ही पद्धत मुळात सांडपाण्यासारख्या सेंद्रिय प्रदूषणासाठी बांधलेली आहे. दुसऱ्या दुखण्यांवर तोच आकडा बेधडक लावला तर उलटं निदान होऊ शकतं. म्हणून कोण गैरहजर आहे ते पाहा.

पाणी आम्लधर्मी झालं की मेफ्लाय, गोगलगायी आणि कवचधारी जीव गळतात, पण काही स्टोनफ्लाय मजेत राहतात. सरासरी उत्तम येते आणि ओढा आजारी असतो. खाणीतून धातू झिरपत असतील तर हेप्टाजेनिडी लवकर नाहीसे होतात. रस्त्याच्या कामाची माती वाहून आली असेल तर दगडांमधल्या फटी बुजतात. पाणी रसायनांच्या कसोटीवर ठीक असूनही फटीत राहणाऱ्यांना घर उरत नाही. अशा वेळी दगड उचलून पाहा, तो मातीत किती रुतलाय ते कळतं. काठची झाडं तुटली तर पाण्यात पडणारी पानं कमी होतात आणि पानं कुरतडून जगणारे स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय घटतात. सोशीक-नाजूक दोघेही एकदम गायब, तळ जवळपास निर्जीव असेल, तर विषारी द्रव्याची शंका घ्यावी.

निसर्गतःच गरीब असलेले ओढेही असतात. हिमनदीच्या अगदी पायथ्याशी, गोठणबिंदूला टेकलेल्या पाण्यात, डायामेसा या कायरोनोमिडी कुळातल्या चिलटांशिवाय फारसं कुणी राहत नाही. तिथे ते प्रदूषणाचं लक्षण नव्हे. दुसऱ्या टोकाला, उष्ण प्रदेशातल्या ओढ्यात स्टोनफ्लाय मुळातच कमी प्रकारच्या असतात. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून तापमान नोंदवल्याशिवाय गुणांना अर्थ नाही, आणि एका डोंगररांगेतला आकडा उचलून दुसऱ्या हवामानातल्या ओढ्याशी लावू नये.

वहीत तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचं तापमान, खोली, दगड किती रुतलेत, काठावर काय आहे आणि शेवटचा मोठा पाऊस कधी झाला, हे लिहा. ओळख न पटलेल्या जिवाचे वरून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. खाली आणि वर स्पष्ट फरक दिसला तर काही दिवसांनी पुन्हा नमुना घ्या, आणि तोच फरक टिकला तर पाण्याची रासायनिक तपासणी करवून घ्या. कशाची करायची, हे गैरहजर गटांवरून ठरवता येईल.

काम संपलं की जीव जिथून घेतले तिथेच, संथ पाण्यात अलगद सोडा. जाळी, बूट, ट्रे नीट धुऊन पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या ओढ्यावर नेऊ नका. बेडकांना मारणारी बुरशी, दगडांवर गालिचा धरणारं डिडिमो शेवाळ आणि परक्या मुलखातल्या गोगलगायी ओल्या सामानातूनही पसरू शकतात. एकाच दिवशी दोन वेगळे ओढे पाहायचे असतील तर जाळीचे दोन संच न्या.